आधी प्लेट, मग ट्यूब: कासदाह प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

आजपासून गोठ्यावरचा नियम बदलला. कासेला दगडी, म्हणजे कासदाह, आली की हात लगेच सडातून सोडायच्या प्रतिजैविकाच्या ट्यूबच्या खोक्याकडे जायचा, तो आता थांबवायचा. आधी त्या सडाचं दूध निर्जंतुक नळीत घ्यायचं, जंतू उगवायच्या प्लेटवर लावायचं, दिवसभर उबवायचं आणि काय उगवतंय ते बघून औषध द्यायचं की नाही हे ठरवायचं. गाय स्वतः आजारी दिसत असेल तर हा नियम नाही. तिच्यासाठी वेगळा कागद आहे.

गोठाप्रमुखांना हे पटलेलं नाही. "डॉक्टर, दूध फाटलेलं डोळ्यांनी दिसतंय. आता ते उगवून आणखी काय बघायचं?" प्रश्न रास्त आहे. फाटलेलं दूध एवढंच सांगतं की कासेत दाह आहे. तो कुणामुळे झाला, हे त्यावरून कळत नाही. पाण्यासारखं पिवळसर दूध दिसलं की ई. कोलाय, घट्ट गुठळ्या दिसल्या की स्टॅफ (स्टॅफिलोकोकस), असे आडाखे आम्ही सगळेच बांधतो, आणि प्लेटशी ताडून पाहिले की ते फार वेळा फसतात.

जंतू कोणता यावर तर पुढचं सगळं अवलंबून. स्ट्रेप्टोकोकस असेल तर पेनिसिलिन गटाची ट्यूब सहसा चांगलं काम करते. सौम्य ई. कोलाय असेल तर बहुतेक गायी काही दिवसांत स्वतःच त्याचा निकाल लावतात, ट्यूब सोडा वा न सोडा. काहीच उगवलं नाही तर मारायला समोर कुणी नाही. यीस्ट असेल तर जीवाणूंवरचं औषध त्याला लागूच पडत नाही. आजवर या सगळ्यांना सरसकट एकच ट्यूब मिळत होती, आणि बऱ्या झालेल्या प्रत्येकीचं श्रेय ट्यूबच्या खात्यात जमा होत होतं.

९ फेब्रुवारी

उबवणीची पेटी लागली. अंडी उबवायचं छोटं यंत्रच वापरतोय. ३७ अंश स्थिर राहिले की जंतूंना पेटीची जात कळत नाही. कमाल-किमान दाखवणारा तापमापक आत ठेवून रात्रभर पाहिलं. वरच्या जाळीवर दिव्याजवळ एक अंश जास्त भरतो, म्हणून प्लेटा खालच्या जाळीवर, झाकण खाली करून. आत पाण्याची वाटी हवीच, नाहीतर अगार कडेने सुकून सुटतो.

रक्त-अगारच्या प्लेटा इथेच ओतायचं ठरलं. अगार म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती जेली. अगार वितळतो ८५ अंशांच्या पुढे, पण गोठतो मात्र ४० च्या आसपास उतरल्यावरच. या मधल्या सवडीत, ४५ ते ५० अंशांवर, ५ टक्के मेंढीचं रक्त घालायचं. घाई केली तर रक्त भाजून चॉकलेटी होतं. मग लाल पेशी फुटल्याचं वलय दिसत नाही, आणि रक्त घालतात ते त्या वलयासाठीच. उशीर केला तर गोळे. जंतू वाढवायला अगार वापरायची सूचना फॅनी हेसे यांची, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची. त्याआधी कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन चालायचं आणि शरीराच्या तापमानाला ते पातळ होऊन जायचं. त्या जिलेटिनवर आमचा हा प्रकल्प पहिल्याच रात्री वाहून गेला असता.

ही पेटी दुधाच्या टाकीच्या खोलीत ठेवू म्हणाले, तिथे जागा आहे म्हणून. नाही. आपण इथे मुद्दाम रोगजंतू वाढवणार आहोत. चाऱ्याच्या कोठीशेजारची खोली रिकामी करून घेतली. तिथे खाणंपिणं बंद, हातमोजे सक्तीचे, आणि वापरलेली प्लेट १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली अर्धा तास राहिल्याशिवाय कचऱ्यात जाणार नाही.

१३ फेब्रुवारी

तीन पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावला. पहिली: फक्त दूध बदललेलं. दुसरी: दुधासोबत कासही सुजलेली, कडक, गरम. तिसरी: गायच आजारी, म्हणजे ताप किंवा उलट अंग गार, खाणं बंद, डोळे खोल, उठायला नाराज. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्लेटची वाट बघायची. त्या एका दिवसाने बरं होण्यात फरक पडत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तिसऱ्या पायरीवर थांबायचं नाही.

दुसऱ्या पायरीला दाह आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन पहिल्या दिवशीच. थांबायचं आहे ते प्रतिजैविकासाठी. दुखण्याला ताटकळत ठेवायचं कारण नाही.

१६ फेब्रुवारी

नमुना घ्यायची शिकवणी. सगळ्या प्रकल्पात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळा प्रकल्प उभा आहे तोही यावरच.

क्रम असा बसवला. सड कोरडा पुसायचा. पहिल्या तीन-चार धारा भांड्यात सोडून द्यायच्या. सडाच्या नळीतली घाण त्यांच्याबरोबर जाते. मग ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचं टोक घासायचं, बोळा स्वच्छ निघेपर्यंत, प्रत्येक सडाला नवा बोळा. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना आधी लांबचे दोन, मग जवळचे. दूध घेताना उलट, आधी जवळचे, मग लांबचे. नाहीतर पुसलेल्या सडावरून आपलीच बाही जाते. नळी आडवी धरायची, सरळ उभी नाही. उभी धरली की पोटाखालचे केस आणि धूळ आत पडते. टोपण हातातच, तोंड खाली करून. खिशात नाही, दातात तर नाहीच.

दातात धरणारे दोघं निघाले. हसले, पण सोडतील असं वाटतं.

नमुना लगेच लावायचा नसेल तर फ्रिजमध्ये. गोठवायचा शक्यतो नाही, कारण गोठवल्यावर ई. कोलायसारखे जंतू प्लेटवर कमी भरतात आणि निकाल एका बाजूला झुकतो.

२० फेब्रुवारी

पहिल्या प्लेटा वाचल्या. बऱ्याच वाया. एका प्लेटवर तीन किंवा अधिक तऱ्हेच्या वसाहती दिसल्या तर तो नमुना दूषित धरायचा, त्यातून "मुख्य" जंतू निवडायचा मोह टाळायचा. मोह किती होतो ते आज कळलं: गोठाप्रमुख प्लेटवर बोट ठेवून "हाच असेल, मोठा दिसतोय" म्हणत होते. मोठा दिसणारा बहुधा शेणातला पाहुणा असतो.

एक प्लेट मात्र अगदी स्वच्छ आली. टाचणीच्या टोकाएवढ्या, दवासारख्या वसाहती, सगळ्या एकसारख्या. गाय ४१७, मागचा उजवा सड. बहुधा स्ट्रेप.

२७ फेब्रुवारी

दोन छोट्या चाचण्या धार काढणाऱ्या मुलांना शिकवल्या. पहिली कॅटलेज: काचपट्टीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, त्यात वसाहतीचा कण. फेस आला तर स्टॅफ, नाही आला तर स्ट्रेप. इथे एक खोच आहे. रक्तातल्या लाल पेशींतही कॅटलेज असतं. वसाहत खरवडताना अगार उकरला गेला तर स्ट्रेपही फेसाळतो. वरचा शेंडाच उचलायचा.

दुसरी, ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. थेंबात वसाहत घोळवून काडी वर उचलली की चिकट तार निघते, तो जंतू ग्रॅम-ऋण, म्हणजे ई. कोलायच्या गटातला. या जंतूंची भिंत त्या द्रावात फुटते आणि आतला डीएनए तारेसारखा ओढला जातो. ग्रॅमच्या रंगाच्या बाटल्या मांडायला नकोत. कासदाहाच्या सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणीत खळग्यांच्या पॅडलमध्ये जेल होतं, त्यामागचं कारणही हेच: साबणासारखं द्रावण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतं आणि त्यांचा डीएनए घट्ट होतो. सीएमटी शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये मांडली, आणि गोठ्यात गायीशेजारी उभं राहून करायला तिच्याइतकी सोयीची चाचणी अजून माझ्या हाती आलेली नाही. फक्त ती पेशी मोजते, जंतू नाही, हे विसरायचं नाही.

४१७ चा स्ट्रेप प्लेटमधलं एस्क्युलिन हे द्रव्य काळं करतो, म्हणजे बहुधा स्ट्रेप्टोकोकस युबेरिस. ट्यूब सुरू केली. या जंतूला लहान कोर्स पुरत नाही, म्हणून मुदत वाढवून दिली आहे.

११ मार्च

रात्री बोलावणं. २६३, व्यायला आठवडाच झालेला. दुपारच्या धारेला थोडं दूध कमी, एवढंच. रात्री बसलेली, कान गार, डोळे खोल, पोटाची हालचाल जवळजवळ बंद, नाडी जलद. ताप नाही, उलट अंग थोडं थंडच. मागच्या डाव्या सडातून ताकाच्या निवळीसारखं पाणी. तिसरी पायरी, शंका नको.

हे दुखणं जंतूपेक्षा त्याच्या विषाचं. ई. कोलाय मरताना त्याच्या बाहेरच्या कवचातलं एंडोटॉक्सिन रक्तात उतरतं आणि गाय त्याने कोसळते. म्हणून आधी द्रव. ७.२ टक्के मिठाचं तीव्र द्रावण शिरेतून, किलोला ४ ते ५ मिलिलिटर या मापाने, म्हणजे तिच्या वजनाला दोन लिटरच्या वर. ते रक्तात पाणी ओढतं, पण शरीरातलंच. म्हणून पाठोपाठ भरपूर पाणी पोटात जायला हवं. ती पीत नव्हती, नळीने वीसेक लिटर घातलं. शिरेतून दाहशामक, सावकाश कॅल्शियम, आणि हो, इंजेक्शनने प्रतिजैविकही: इतक्या आजारी गायींत जंतू रक्तात पोहोचलेले असू शकतात. नमुना मात्र औषधाआधी घेतला.

धार काढणाऱ्या मुलाने विचारलं, "डॉक्टर, मग हिला प्लेट कशाला?" हिच्यासाठी नाही. हिच्या शेजारी बांधलेल्यांसाठी.

१२ मार्च

२६३ उठली, थोडी वैरण खाल्ली. सड बहुधा या वेतात दूध देणार नाही. मॅकॉन्कीवर, म्हणजे ई. कोलायसारख्यांसाठीच्या वेगळ्या अगारवर, गुलाबी वसाहती, अपेक्षेप्रमाणे.

२६ मार्च

गुलाबी वसाहती वाढल्या आहेत, पण यातल्या काही वेगळ्या: मोठ्या, ओल्या, शेंबडासारख्या, काडीला लागून लोंबणाऱ्या. क्लेब्सिएला. ई. कोलायचा भाऊ म्हणून सोडून द्यायचा नाही. हा कासेत जास्त दिवस तग धरतो आणि गायी आपणहून तितक्या सहज बऱ्या होत नाहीत.

क्लेब्सिएला म्हटलं की पहिला संशय लाकडाच्या भुशावर. विचारलं तर कळलं, गेल्या महिन्यात बसायच्या जागेत वाळूऐवजी भुसा टाकलाय. ओला आणि बारीक. एका बाजूच्या ओळीत भुसा, दुसऱ्या बाजूला अजून जुनी वाळू शिल्लक, आणि शेंबडी वसाहत दिलेल्या गायी भुशाच्याच ओळीतल्या. वाळूत जंतूंना खायला काही नाही, कोरडी आणि स्वच्छ ठेवली तर ती सगळ्यांत बरी. उद्या भुसा उपसायचा. या एका निर्णयाने जेवढं काम होईल तेवढं कुठल्याही ट्यूबने होणार नाही, आणि प्लेट लावली नसती तर भुशाकडे कुणी बघितलंही नसतं.

८ एप्रिल

भुसा गेला. गुलाबी प्लेटा कमी झाल्या आहेत, पण हवाही कोरडी झालीय, त्यामुळे सगळं श्रेय भुशाला देत नाही.

आता दुसरं प्रकरण, आणि ते जास्त चिवट आहे. रक्त-अगारवर मलईच्या रंगाच्या वसाहती, भोवती दुहेरी वलय: आत स्वच्छ, बाहेर धूसर. कॅटलेजला फेस. सशाच्या प्लाझ्मात (रक्तद्रवात) लावलेली नळी चार तासांत गोठली. स्टॅफिलोकोकस ऑरियस. वेगवेगळ्या गायींत तोच.

ई. कोलाय गाय बसते त्या जागेतून येतो. हा गायीकडून गायीकडे जातो, आणि तोही धारेच्या वेळी: हातावरून, यंत्राच्या लायनरमधून (सडावर बसणाऱ्या रबरी नळीतून), पुसायच्या फडक्यातून. सकाळची धार उभं राहून पाहिली. फडकं एकच, बादलीतल्या पाण्यात पिळून पुढच्या गायीला. पाण्यात जंतुनाशक होतं, पण फडक्याच्या सुतात अडकलेल्या दुधापुढे ते काय करणार.

९ एप्रिल

सगळ्या दुभत्या गायींची सीएमटी. जेल झालेल्या प्रत्येक सडाचा नमुना. लांबलचक दिवस.

१२ एप्रिल

यादी तयार. ऑरियसच्या गायींना लाल पट्टा आणि धारेच्या रांगेत शेवटची जागा. प्रत्येक गायीला स्वतंत्र फडकं, वापरलेलं गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेलं. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडिनमध्ये पूर्ण बुडवायचा. फवारा नको, फवाऱ्यात सडाची पलीकडची बाजू हमखास कोरडी राहते. लायनर मोजून बदलायचे. त्यांना चिरा पडल्यात.

उपचाराचं काय, यावर बराच वाद झाला. ऑरियस दुधाच्या ग्रंथींत खोल शिरतो, स्वतःभोवती गळवांच्या भिंती बांधून घेतो, पेशींच्या आतही राहतो, आणि त्याच्या अनेक वाणांवर पेनिसिलिन चालत नाही. पहिल्या वेताची, एकच सड, नुकतीच लागण, औषधाला संवेदनशील वाण असेल तर प्रयत्न करावा. २८८ चं तसं नाही: पाचवं वेत, तीन सड, कासेत हाताला गाठी लागतात. तिला ट्यूबवर ट्यूब सोडणं म्हणजे दूध फेकणं. गोठाप्रमुख म्हणाले, "गुणाची गाय आहे ती." आहेच. म्हणून आटवेपर्यंत रांगेत शेवटी राहील, आणि दुखरा सड लवकर बंद करू.

या जंतूची एक खोड लिहून ठेवतो. तो दुधात रोज उतरत नाही. एका प्लेटवर काही नाही म्हणून लाल पट्टा काढायचा नाही. ओळीने तीन नमुने कोरे आल्याशिवाय नाही.

२२ एप्रिल

१९४. ही गाय प्रकल्पाच्या आधीपासून वहीत आहे. तीन वेगवेगळ्या ट्यूबा, मध्ये इंजेक्शनं, दूध दर वेळी दोन दिवस सुधारल्यासारखं आणि पुन्हा पातळ. आज तिची प्लेट ४८ तासांनी वाचली. छोट्या, कोरड्या, करड्या-पांढऱ्या वसाहती. यीस्ट समजून वहीत तसं लिहिणार होतो, पण कापसनिळ्या रंगात काचपट्टी करून पाहिली तर कळी फुटलेली एकही पेशी नाही. त्याऐवजी गोल पिशव्या, आणि प्रत्येकीत पाचरींसारखे कापे पडलेले.

प्रोटोथेका. हा जीवाणूही नाही आणि बुरशीही नाही. हिरवा रंग हरवलेलं शैवाल आहे, क्लोरेलाचं नातलग. ओल्या, चिखलाच्या, साचल्या पाण्याच्या जागी राहतं. त्यावर कासेत चालणारं औषध नाही. आजवर सोडलेल्या एकाही ट्यूबचा त्याला काही त्रास झालेला नाही, आणि दर ट्यूबमागे फेकलेलं दूध वेगळंच.

१९४ कळपातून बाजूला काढली. तिच्या ओळीतल्या पाण्याच्या टाकीखाली कायमची गळती आहे, तिथे आज सिमेंट. त्या ओळीच्या सगळ्या गायींच्या प्लेटा ४८ तास ठेवायच्या.

७ मे

कोऱ्या प्लेटांवरून पुन्हा बोलणी. दूध फाटलेलं आणि प्लेट कोरी, असं बऱ्याचदा होतं, आणि प्रत्येक वेळी गोठ्यावर शंका घेतली जाते की नमुना नीट लागला नाही. बहुतेक वेळा खरं कारण साधं असतं: गुठळ्या दिसेपर्यंत पांढऱ्या पेशींनी जंतू संपवलेले असतात. गुठळ्या म्हणजे लढाईनंतरचा राडारोडा. तो आवरायला गायीला दोन-चार दिवस लागतात आणि त्या दिवसांत ट्यूब दिली-न दिली तरी दूध तितक्याच वेळात सुधारतं. तेवढे दिवस ते दूध टाकीत जात नाही, हे वेगळं सांगायला नको. पण ट्यूब दिली असती तर दूध साफ झाल्यावरही वेष्टणावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते फेकावं लागलं असतं. गोठाप्रमुखांना हा हिशेब मात्र लगेच पटला.

एक पळवाट आहे, तीही लिहितो. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू साध्या प्लेटवर उगवत नाही. एकाच गायीचे एकापेक्षा जास्त सड एकदम धरले, गाय एरवी ठणठणीत, प्लेट कोरी आणि जोडीला वासरांचे सांधे सुजलेले, असं दिसलं तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. त्याला पेशीभिंतच नाही, त्यामुळे भिंतीवर घाव घालणाऱ्या पेनिसिलिन गटाचा उपयोग नाही. इथे अजून तसं काही दिसलेलं नाही.

५ जून

आटवायच्या गायींची यादी. आतापर्यंत आटवताना प्रत्येक सडात लांब मुदतीची ट्यूब, सरसकट. यापुढे ज्या गायींच्या दुधात पेशी मिलिलिटरला २ लाखांच्या खाली आहेत आणि या वेतात कासदाह झालेला नाही, त्यांना फक्त बिस्मथचं सील. ते औषध नाही, बूच आहे: सडाच्या तळाशी बसतं आणि भाकड काळात बाहेरून येणाऱ्याला अडवतं. बाकीच्यांना औषध आणि वर सील.

सील सोडताना अल्कोहोलची ती सगळी कवायत पुन्हा, आणि जास्त कडकपणे. औषधाशिवाय नुसतं सील सोडताना घाण आत गेली तर आपणच जंतू ढकलून वर बूच लावल्यासारखं होतं, आणि अशा गायी मेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून हे काम धारेच्या घाईत नाही. वेगळ्या वेळी, दोघांनी मिळून, आणि त्यातला एक फक्त पुसणार.

१९ जून

४१७ बरी. तिचे शेवटचे दोन्ही नमुने कोरे, सीएमटीलाही जेल नाही. २६३ तीन सडांवर चालू आहे. २८८ आटवली.

युबेरिसच्या प्लेटा मात्र अधूनमधून येतच आहेत, बहुतेक भाकड गायींच्या आवारातून नुकत्याच व्यालेल्यांच्या. तिथे अंथरूण पेंढ्याचं आहे आणि युबेरिसला पेंढा मानवतो. पुढचं काम तेच: पेंढा किती दिवसांनी बदलतात, ओल कुठून येते, गायी कुठे गर्दी करून बसतात. उद्या सकाळपासून भाकड आवारात.